जुनी गाडी आणि हातोड्यावांचून लिलाव

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. अशा बाजारांत जुन्या काळीं सौदा कसा होई, हें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस विचारावें. दलाल उपरण्याखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवी, आणि भोंवतीं पन्नास माणसें उभीं असलीं तरी खोंड किती रुपयांस गेला हें त्या दोन हातांवांचून कोणास कळत नसे. ह्या रीतीस ‘हत्ता’ म्हणत. शेतमालाच्या व्यापारांत ही रीत मोडून उघड लिलाव आला, आणि आज सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत शेतकरी आपल्या कांद्याच्या ढिगापाशीं उभा राहून बोली स्वतःच्या कानांनीं ऐकतो. ‘लिलाव’ हा शब्द मुळांत पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेंत आला. परंतु ‘एक वार, दोन वार, तीन वार’ ही आरोळी इतकी आपली झाली आहे कीं त्याचें परकेपण आतां कोणास जाणवत नाहीं.

हाच लिलाव हल्लीं फोनच्या पडद्यावर होऊं लागला आहे, आणि त्यांत दारांतली जुनी मोटार किंवा मोटारसायकल घरबसल्या विकतां येते. मालक गाडीचा क्रमांक व साल कळवितो. तपासनीस येऊन इंजिन, पत्रा, टायर व कागदपत्रें पाहतो आणि छायाचित्रें काढतो. मग ठराविक वेळेपुरती, कधीं कधीं अर्धा तासच, बोली खुली राहते. परगांवचे व्यापारी एकमेकांचें तोंडही न पाहतां रक्कम चढवीत जातात. गल्लींत एकच गिऱ्हाईक असलें म्हणजे तें म्हणेल ती किंमत घ्यावी लागते. पुणें आणि हैदराबाद ह्या दोन्ही बाजूंची बोली आली म्हणजे सोलापूरच्या विक्रेत्याची ती अडचण पुष्कळ कमी होते. घेतांना माल वाईट म्हणावयाचा आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारावयाची, हा ग्राहकाचा स्वभाव शलमोनाच्या नीतिसूत्रांतही नोंदलेला आहे. त्यास उतारा एकच, आणि तो म्हणजे दुसरा ग्राहक.

ह्याखेरीज सरकारी खात्यांच्या व बँकांच्या गाड्यांचेही असे लिलाव होतात. केंद्र सरकारची एमएसटीसी ही १९६४ सालीं स्थापन झालेली कंपनी असे ई-लिलाव चालविते. तेथें आधीं बयाणा भरावा लागतो, आणि माल ‘जसा आहे, जेथें आहे’ ह्या अटीवर मिळतो. मागाहून तक्रार चालत नाहीं. पण आपल्या घरचा प्रश्न बहुधा विकण्याचा असतो, म्हणून त्याकडेच वळूं.

पडद्यावरील लिलावांत हातोडा नाहीं, घड्याळ आहे. शेवटच्या क्षणीं बोली टाकून इतरांस चकविण्याची युक्ति चालूं नये म्हणून पुष्कळ ठिकाणीं अखेरच्या मिनिटांत बोली आली कीं वेळ आपोआप वाढते. कायदा मात्र जुनाच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचें ६४ वें कलम सांगतें कीं, हातोडा पडून किंवा दुसऱ्या रूढ रीतीनें विक्री पुरी झाल्याचें जाहीर होईपर्यंत बोली बोलणारास आपली बोली मागें घेतां येते. विक्रेत्यास राखीव किंमत ठेवण्याची मुभा आहे, आणि ती त्यानें अवश्य ठेवावी. परंतु भाव फुगविण्यासाठीं आपल्याच माणसाकडून खोटी बोली बोलविली, तर ती विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदारास मिळतो. चुलतभावाच्या फोनवरून दोन हजार चढविणें ही कित्येकांस गंमत वाटते; कायद्याला वाटत नाहीं.

बैलाचें वय त्याच्या दातांवरून कळतें; दुसा कीं चौसा हें जबडा उघडून पाहतां येतें. गाडीचे दात कोण पाहणार? धांवलेल्या किलोमीटरांचा आंकडा लबाडास मागें फिरवितां येतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, आणि पुढें २००१ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडीचा दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांस संशयाची, म्हणजे कमी किंमत देतो, त्या किंमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी बाजारांत आणीतच नाहीं, आणि शेवटीं बाजारांत उरतो तो बहुतेक खराब माल. प्रामाणिक विक्रेता अशा रीतीनें दुसऱ्याच्या लबाडीचा दंड भरतो. दोष आपण होऊन सांगणें आणि दुरुस्तीच्या पावत्या दाखविणें हाच ह्यावर उपाय आहे. अपघातांत बदललेलें दार, तेल गाळणारें इंजिन, ह्यांचीं छायाचित्रें द्यावींत. न दिलीं तर गाडी नेण्यास आलेला मनुष्य तीं व्यंगें दाखवूनच पडद्यावरचा भाव पाडूं लागतो, आणि त्या वेळीं दुसरा बोलीदार जवळ नसतो.

आतां मुख्य गोष्ट. बैलाचा कासरा हातीं दिला कीं बैल गेला. गाडीची किल्ली दिल्यानें गाडी जात नाहीं. समजा, होटगी रस्त्यावरील एका गृहस्थानें आपली दुचाकी विकली, पैसे मोजून घेतले, आणि ‘नांव लवकरच बदलून घेतों’ ह्या खरेदीदाराच्या शब्दावर विसंबून तो स्वस्थ बसला. ती दुचाकी पुढें आणखी दोन हातांत गेली, आणि तिसऱ्यानें एखाद्या वाटसरूस धडक दिली. नुकसानभरपाईची नोटीस कोणाच्या दारीं येईल? २०१८ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें अशाच एका खटल्यांत, अपघातापूर्वीं गाडी अनेक हातीं गेली असतांही, ज्याचें नांव नोंदणींत आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, असें ठरवून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. वेग मोडल्याचे वा सिग्नल तोडल्याचे दंडही त्याच नांवावर येत राहतात. विकलेल्या गाडीनें जुन्या मालकाचें घर विकावें लागण्याची पाळी येऊं शकते, आणि तीही एका सहीच्या आळसामुळें.

म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचें ५० वें कलम प्रत्येक विक्रेत्यानें ध्यानांत ठेवावें. राज्यांतल्या राज्यांत गाडी विकल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. त्याचे नमुने २९ व ३० ह्या क्रमांकांचे आहेत. कर्ज काढून गाडी घेतली असेल तर तें फिटल्याचा नमुना ३५ आधीं नोंदवावा. आपल्या जिल्ह्याची सीमा कर्नाटकास लागून असल्यानें विजापूर किंवा कलबुर्गीचा ग्राहक येणें साहजिक आहे; त्याच्यासाठीं नमुना २८, म्हणजे ना-हरकत दाखला, लागतो. विम्याचें प्रमाणपत्र आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं खरेदीदारास चौदा दिवसांची मुदत आहे. कांचेवरील फास्टॅग आपल्या खात्यास जोडलेला असतो, तो बंद करावयास कित्येक लोक विसरतात, आणि मग नव्या मालकाच्या प्रवासाचा टोल जुना मालक भरतो.

व्यापाऱ्यास गाडी विकली तर ती पुढें विकली जाईपर्यंत जुन्या मालकाचेंच नांव राहतें, ही अडचण जाणून केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें नियम बदलले. ते १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले. अधिकृत व्यापाऱ्यास गाडी सुपूर्द केल्याची सूचना आतां ऑनलाइन देतां येते. व्यापाऱ्यापाशीं असा अधिकृत दाखला आहे कीं नाहीं, हें विचारण्यांत संकोच कसला?

पैशाविषयीं एकच सांगावयाचें. लष्करांत असल्याचें सांगून, गाडी न पाहतांच मागाल ती किंमत कबूल करणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठीं हा चौकोन स्कॅन करून पिन घाला’ असें म्हणणारा ग्राहक चोर समजावा. यूपीआयवर पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावें.

गाडी नेतांना तारीख व वेळ घालून सुपूर्दीचा कागद करावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात, ओळखपत्राची प्रत ठेवावी. मग महिन्याभरानें ‘वाहन’ ह्या सरकारी संकेतस्थळावर, किंवा घरांतील शाळकरी मुलाच्या मदतीनें, एमएच १३ ने सुरू होणारा तो जुना क्रमांक टाकून पाहावा. तेथें मालकाचें नांव बदललेलें दिसलें म्हणजे त्या दिवशीं गाडी विकली गेली.