पोराला ‘आता तूच कर्ता’ म्हणण्याआधी

सभासद बंधू-भगिनींनो,

दर वेळी या पानावर आम्ही बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतकी खात्याचा नव्हे असे कोणी म्हणेल. पण तो खात्याच्या कामातूनच आमच्यापुढे आला.

काही हंगामांपूर्वी आमच्या गटातील एक सभासद विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. ऊस तोडीला आलेला. दहावा झाल्यावर आम्ही चिटबॉयला घेऊन घरी गेलो. सोप्यात पंधरा वर्षांचा थोरला मुलगा बसला होता. तोडीची तारीख सांगितली आणि उठताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "रडायचं नाही गड्या. आता तूच घरचा कर्ता."

चांगल्या मनानेच म्हणालो. पण जूनमध्ये पोरगा दहावीच्या वर्गात गेलाच नाही. आईने विचारले तर म्हणाला, "शेतकी साहेबांनी सांगितलंय." त्याची धाकटी बहीण सहा वर्षांची. तिला घरच्यांनी सांगितले होते, "बाबा देवाघरी झोपलेत." ती पोर रात्री झोपायला भिऊ लागली.

तेव्हापासून आम्ही शाळामास्तर, डॉक्टर, जाणती माणसे यांना विचारत आलो. त्यातून जे समजले ते असे.

लहान मुलाला खरे आणि सोपे सांगावे. "बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत." गावाला गेले, झोपले, असे सांगू नये. पाच-सहा वर्षांपर्यंत गेलेला माणूस परत येत नाही हे मुलाला उमगत नाही, म्हणून ते तेच तेच विचारते. दर वेळी तेच उत्तर द्यावे, चिडू नये. ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ असेही मुले मनात धरतात. "तुझ्यामुळे काही झालं नाही" हे तोंडाने बोलून दाखवावे. मूल घटकेत रडते आणि घटकेत गोट्या खेळते. त्याला दुःख नाही असे समजू नये. त्याला ते एकदम पेलत नाही, एवढेच. सावडणे, दहावा यांना यायचे असेल तर काय होणार ते आधी सांगून न्यावे. नको म्हणाले तर ओढू नये.

मोठी पोरे बोलत नाहीत, चिडतात, अभ्यास सोडतात. त्यांना उपदेश नको, सोबत हवी. बांधावर बरोबर बसावे आणि गेलेल्या माणसाचे नाव काढावे. "जगायचं नाही" असे पोर बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे.

आईला सावरले तर मुले सावरतात. तिच्या बांगड्या फोडताना कोपऱ्यात पोरे बघत असतात हे आपण विसरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गावांनाही तो करता येईल.

आता कागदाचे. सभासद वारल्यावर त्याचा शेअर नामनिर्देशित व्यक्तीच्या, ते नसल्यास वारसाच्या नावे होतो. म्हणून प्रत्येकाने आपले नामनिर्देशन आजच तपासावे. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावा, उशीर करू नये. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. हे हेलपाटे पोराने घालायचे नाहीत, भावकीने घालायचे.

त्या मुलाकडे आम्ही परत गेलो. "आमचं चुकलं," म्हणालो. "कर्ता तुझी आई आहे. तू शाळेत जायचंस." तो काही बोलला नाही, गोठ्यात गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. त्या हंगामात शेजारच्या दोघांनी रात्रीच्या पाण्याची पाळी वाटून घेतली, खोडव्याची भरणी चुलत्याने केली. पोरगा पुढच्या जूनमध्ये दहावीला बसला आणि पास झाला. एक वर्ष मात्र गेले. ते आमच्या नावे खर्ची पडले आहे.

तेव्हा मंडळी, दुःखाच्या घरी जाल तेव्हा पोराच्या पाठीवर हात जरूर ठेवा. पण ओझे ठेवू नका. "रात्रीचं पाणी मी बघतो, तू झोप," एवढे म्हटले तरी पुरे.

आपला,
ऊस विकास अधिकारी