प्रोजेक्टर विकण्यापूर्वी

दिवा लागला, मोटार घरघरली, की घरगुती प्रोजेक्टर दुरुस्त झाला, असे आम्ही पूर्वी समजत असू. चोरबाजारातून जुनी यंत्रे आणायची, कचेरी सुटल्यावर दुरुस्त करून विकायची, हा आमचा जोडधंदा.

एकदा एक बाई दिवंगत आईची एकुलती एक फिल्म घेऊन यंत्र पाहायला आल्या. आतला रबरी पट्टा आम्ही जुनाच ठेवला होता. तो घसरला, फिल्म थांबली आणि शंभर वॅटच्या दिव्यापुढे आईचा चेहरा बुडबुडे येऊन वितळला. पैसे परत केले. चेहरा कुठून आणणार?

तेव्हापासून पट्टा नवा घालून, टाकाऊ फिल्म तासभर चालवल्याशिवाय आम्ही यंत्र विकत नाही. दिव्याच्या जागी एलईडी बसवला तर उष्णता पुष्कळ कमी होते; मात्र पडद्याचे कोपरे अंधारे राहत नाहीत ना, हे पाहावे लागते.

गिऱ्हाइकाला आधी विचारतो, फिल्म कोणती? 1932 साली निघालेली साधी आठ मिलिमीटर, की 1965 ची सुपर आठ? रुंदी तीच, पण कडेची छिद्रे निराळी. चुकीच्या यंत्रात ती फाटतात. काही यंत्रांत दोन्ही चालतात, पण त्यासाठी कळ फिरवावी लागते. ती कळ आम्ही लाल रंगवून देतो.