हौशी क्रिकेटचे चढउतार : जळगांव आणि धुळें

खानदेशांत क्रिकेटचा हंगाम दिवाळीस उघडतो आणि होळीस मिटतो. पावसाळ्यांत तेथील काळी जमीन पायाला इतकी चिकटते कीं तीवरून धावणें राहोच, धड चालतांही येत नाहीं. आणि फाल्गुन सरला कीं ऊन असें चढूं लागतें कीं वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मधल्या चार-साडेचार महिन्यांत जें खेळून घ्यावयाचें तें घ्यावें लागतें. नेमके हेच महिने कापसाच्या वेचणीचे, गाड्या भरण्याचे आणि भावाच्या घासाघिशीचे असतात. मंडळानें वर्गणीसाठीं ज्यांच्या दारीं जावयाचें ते व्यापारी, अडते व जिनवाले याच दिवसांत कामांत गढलेले असतात. भाव चढा असला तर त्यांचा हात सैल होतो. भाव पडला तर 'पुढील सालीं पाहूं' म्हणून ते मंडळींना वाटेस लावतात. मुंबईच्या जिमखान्याला बाजारभावाची अशी धास्ती नसते. जळगांव व धुळें येथील हौशी क्रिकेटचे चढउतार समजून घ्यावयाचे तर आरंभ या जमिनीपासून आणि या कापसापासून करावा लागतो.

मुंबईच्या श्रोत्याला क्रिकेटचें मंडळ म्हटलें कीं जिमखान्याची बंगली, हिरवळ, पगारी माळी आणि भिंतीवरील जुन्या संघांचे फोटो आठवतात. जिल्ह्याच्या गांवीं मंडळ म्हणजे बहुधा एक पेटी, एक चटई आणि पंधरावीस माणसें. पेटींत दोन-तीन बॅटी, पॅडचे जोड, यष्ट्या व जमाखर्चाची वही. माणसांत एखादा वकील, दोन शिक्षक, कचेरींतील व बँकेंतील कारकून, रेल्वेची मंडळी, आणि उरलेले सगळे विद्यार्थी. खेळण्याबद्दल कोणास पै मिळत नाहीं. उलट प्रत्येकाला पदरचें कांहीं घालावें लागतें. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगांव व धुळें हीं दोन वेगळीं ठाणीं झालीं. जेथें जिल्ह्याचें ठाणें तेथें कचेरी, न्यायालय, हायस्कूल आणि पोलिसांचें कवाइतीचें मैदान. या गोष्टी एका गांवांत आल्या म्हणजे संघाला लागणारीं माणसें व जागा फारशी शोधाशोध न करतां मिळतात. पुढें १९४५ सालीं जळगांवास मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरास प्रताप महाविद्यालय निघालें. तोंपर्यंत मॅट्रिक झालेला चांगला गोलंदाज पुण्यामुंबईस शिकावयास गेला कीं तो गेलाच. तो आतां निदान बी.ए. होईपर्यंत गांवांत राहण्याची सोय झाली.

सामने जुळविण्यांत आगगाडीचा वांटा मोठा. भुसावळ हें बडें जंक्शन. जळगांव, पाचोरें, चाळीसगांव हीं एकाच मार्गावर. १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यास फांटा आला, आणि त्याच सालीं तापीच्या खोऱ्यांतून सुरतेचा मार्ग अमळनेरावरून जळगांवास पोहोंचला. सकाळच्या गाडीनें निघून रात्रीं घरीं परतण्याजोगा प्रवास झाला म्हणजे नोकरीपेशाच्या माणसाला रविवार पुरतो. अर्थात् परतीची गाडी गांठावयाची असली कीं शेवटचा डाव फलकाइतकाच घड्याळाकडे पाहत खेळला जातो, आणि पराभवापेक्षां गाडी चुकल्याचें दुःख अधिक काळ लक्षांत राहतें.

परंतु खरा प्रश्न खेळपट्टीचा आहे. खानदेशच्या काळ्या मातीची एक गंमत आहे. ती पाण्यानें फुगते आणि वाळली म्हणजे आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशीच चिकण माती चांगल्या खेळपट्टीसाठीं पुष्कळ ठिकाणीं मुद्दाम वाहून आणतात, कारण बेतानें ओलावून ती रुळाखालीं दाबली म्हणजे दगडासारखी बसते. जी वस्तु इतरांना पैसे मोजून आणावी लागते ती येथें पायांखालीं फुकट पडलेली आहे; पण ती बसवावयास पाणी, जड रूळ, गवताची निगा आणि रोज सकाळसंध्याकाळ राबणारा माणूस लागतो. उन्हाळ्यांत जेथें पिण्याच्या पाण्यासाठीं हंड्यांच्या रांगा लागतात तेथें खेळाच्या गवताला पाणी घाला असें कोणत्या तोंडानें सांगावें? म्हणून मंडळांनीं सोपा मार्ग धरला. मुरूम पसरून तो चोपावयाचा आणि त्यावर काथ्याची चटई ताणून खिळ्यांनीं ठोकावयाची. पुढें पुष्कळ ठिकाणीं मुरमाच्या जागीं सिमेंटची पट्टी आली, पण वरची चटई राहिली.

चटईवरचा खेळ वेगळा होतो, आणि हा वेगळेपणा नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. चटईवर चेंडू उसळतो आणि तो नेहमीं सारखाच उसळतो. बोटांनीं कापलेला चेंडू काथ्याला घट्ट धरून वळतो. त्यामुळें फलंदाज मागच्या पायावर उभा राहून खेळावयास शिकतो. आखूड चेंडू यष्टींच्या बाजूला कट करणें किंवा डावीकडे ओढणें त्याला सहज साधतें. पुढें पाय टाकून चेंडू अगदीं बॅटीखालीं दाबण्याची गरज त्याला क्वचित् पडते. मैदानाचा बाकीचा भाग कठीण व धुळीचा असल्यानें नव्या चेंडूची लकाकी थोड्याच षटकांत जाते, आणि हवेंत चेंडू वळविण्याची विद्या शिकावयास गोलंदाजाला फार वेळ मिळत नाहीं. क्षेत्ररक्षक अंग टाकून चेंडू अडवीत नाहींत; तसें करणारा दुसऱ्या दिवशीं कचेरींत खुर्चीवर बसूं शकणार नाहीं. चटई ही कांहीं कमी प्रतीची वस्तु नव्हे. दक्षिण आफ्रिकेंत १९३०च्या सुमारापर्यंत कसोटी सामने चटईवर होत, आणि पाकिस्तानच्या फजल महमूदनें १९५६ सालीं कराचीच्या चटईवर ऑस्ट्रेलियाचे १३ गडी एकट्यानें बाद केले. मात्र चटईवर तयार झालेल्या खेळाडूची पारख गवतावर केली म्हणजे त्याची कुचंबणा होते.

जिल्ह्यांतील मुलाला नेमकें हेंच सोसावें लागतें. मराठी मुलुखांत क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबई व ठाण्याचा पट्टा मुंबईच्या संघटनेकडे, विदर्भ नागपूरकडे, आणि उरलेला बहुतेक सर्व प्रदेश १९३४ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे. त्यामुळें मलकापूरचा मुलगा नागपूरकडे पाहतो आणि तेथून हाकेच्या अंतरावरील बोदवडचा मुलगा पुण्याकडे. शाळा, मंडळ, जिल्हा, मग आंतरजिल्हा सामने आणि त्यांतून निवड, अशी ही शिडी आहे. खानदेशचा मुलगा रात्रभर गाडींत बसून पुण्यास पोहोंचतो, सकाळीं हिरव्या खेळपट्टीवर उभा राहतो, आणि ज्या चेंडूला गांवीं तो मागें सरून चौकार मारीत असे तो चेंडू येथें खालीं राहून त्याच्या पॅडवर आदळतो. पंचाचें बोट वर जातें. दोन डावांत निकाल लागतो व मुलगा परततो. वर्षभर ज्या परीक्षेचा अभ्यास झाला ती परीक्षा एक आणि घेतली गेली ती दुसरी, असा हा प्रकार आहे. निवड करणाऱ्यांच्या पक्षपातावर गांवोगांव पुष्कळ बोललें जातें. त्यांतील कांहीं खरेंही असेल. परंतु पक्षपात सर्वस्वीं नाहींसा झाला तरी चटई शिल्लक राहीलच.

महाराष्ट्राच्या संघाचा मोठा काळ हौशी माणसांचाच होता, ही गोष्ट या ठिकाणीं आठवण्याजोगी आहे. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला तेव्हां कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर; संस्कृतचे अध्यापक आणि वयानें पन्नाशीला टेकलेले. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ अशा तीन वेळां संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला व हरला. उलट शेजारच्या विदर्भानें, ज्याला पूर्वीं कोणी फारसें मोजीत नसे, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदां करंडक नेला. बोदवडच्या मुलानें मलकापूरचा हेवा करावा अशी वेळ आली आहे.

मंडळांच्या आयुष्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जिल्ह्याच्या गांवीं मंडळ निघतें तें एका माणसाच्या ध्यासानें. तोच वर्गणी गोळा करतो, तोच पत्रें लिहून सामने ठरवितो, पहांटे उठून चटई घालतो, पाहुण्या संघाच्या जेवणाची सोय आपल्याच घरीं लावतो, आणि बाराव्या गड्याचें रुसणेंही तोच काढतो. असा माणूस असेल तोंवर मंडळ भरभराटींत चालतें. मग त्याची बदली होते. सरकारी नोकर, शिक्षक, रेल्वेचा माणूस, बँकेचा माणूस, सगळेच बदलीचे. ज्या वर्गानें हीं मंडळें उभीं केलीं तोच वर्ग गांवांत टिकत नाहीं. मागें राहिलेल्यांत पेटी कोणाकडे ठेवावी यावर मतभेद होतात, एक मंडळ फुटून दोन होतात, दोघांकडेही अकरा माणसें पुरत नाहींत, आणि तीन-चार हंगामांनीं दोन्ही बंद पडतात. गिरण्यांच्या गांवीं आणखी एक फेरा आला. जळगांवची खानदेश मिल व अमळनेरची प्रताप मिल बंद पडली आणि ठराविक पगार व ठराविक सुटी असलेला मोठा समाज विस्कटला. सुटीचा दिवस सर्वांचा एकच असणें ही सामुदायिक खेळाची पहिली गरज आहे. दुकानें एका वारीं बंद, बाजार दुसऱ्या वारीं, कचेरी तिसऱ्या, अशा स्थितींत संघ जमत नाहीं.

सामानाचा खर्चही कांहीं लहान नव्हे. फाळणीपूर्वीं चांगलें सामान सियालकोटाहून येई; १९४७ नंतर तेथील कारागीर जालंधर व मेरठ येथें येऊन स्थिरावले आणि देशी मालाचा पुरवठा पुन्हा सुरू झाला. तरी चामड्याचा चेंडू, पॅड, हातमोजे, शिरस्त्राण यांची बेरीज साधारण कुटुंबाला जड जाते. हुतुतूला यांतलें कांहीं लागत नाहीं, ही तुलना खानदेशांतील बापमंडळी वेळोवेळीं करून दाखवितात.

यावर तोडगा मुलांनींच काढला. चामड्याचा चेंडू भरतो १५६ ते १६३ ग्रॅम. टेनिसचा सुमारें ५८. टेनिसचा चेंडू लागला तरी हाड मोडत नाहीं, म्हणून पॅड नको, हातमोजे नकोत, चटईही नको. कोणतेंही मोकळें शेत पुरतें. १९८३ सालीं भारतानें विश्वचषक जिंकला, दूरदर्शन घरोघर गेलें, आणि टेनिस चेंडूच्या स्पर्धांना गांवोगांव ऊत आला. दिव्यांच्या प्रकाशांत रात्रीचे सामने, रोख बक्षिसें, ध्वनिक्षेपकावर अहिराणी वळणाच्या मराठींत समालोचन, आणि कसोटी सामन्याला लाजवील अशी गर्दी. वर्गणी मागावयास दारोदार फिरणाऱ्या जुन्या मंडळाला या थाटापुढें कोण विचारतो? जुन्या खेळाडूंची यावर नाराजी आहे व ती समजण्याजोगी आहे. टेनिसच्या चेंडूवर बचाव शिकतां येत नाहीं आणि आडवी बॅट अंगवळणी पडते. पण ही नाराजी अर्धीच खरी आहे. नागपूरजवळच्या खापरखेड्यांतील खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस चेंडूवरच खेळला. २००८ सालीं तो विदर्भाकडून रणजीत उतरला आणि पुढें भारताचा कसोटी गोलंदाज झाला. खांद्यांतील वेग कोणत्याही चेंडूवर कमावतां येतो. मात्र योग्य वेळीं त्याच्या हातांत चामड्याचा चेंडू देणारें कोणी तरी होतें, आणि तें काम मंडळाचें आहे.

पैसा आल्यानें सर्व सुटतें असेंही दिसत नाहीं. जळगांवच्या जैन उद्योगसमूहाचा संघ मुंबईच्या टाइम्स शील्ड स्पर्धेंत उतरला आणि जळगांवचें नांव मुंबईच्या मैदानांवर पोहोंचलें; त्या संघांत मुंबईच्याच मैदानांवर वाढलेले खेळाडू पुष्कळ होते. २०२३ सालीं महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हां पुणें, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व छत्रपति संभाजीनगर या नांवांचे सहा संघ निघाले. खानदेशच्या नांवाचा एकही नव्हता.

खेळपट्टी २२ यार्ड लांब व १० फूट रुंद असते, म्हणजे ६६० चौरस फूट. सगळें मैदान हिरवें ठेवणें खानदेशला झेपणार नाहीं, पण एवढी पट्टी ओली राखणें ठिबक सिंचनावर केळी पिकविणाऱ्या जिल्ह्याला अशक्य नाहीं, आणि माती तर घरचीच आहे. अडचण दुसरीच आहे. ज्या मैदानावर ही पट्टी करावयाची तेंच मैदान सभेला, जत्रेला, प्रदर्शनाला आणि मांडवाला दिलें जातें. दिवाळीपूर्वीं रूळ फिरवून बसविलेल्या मातींत मार्गशीर्षांत खांबांचे खड्डे पडतात. तारेचें कुंपण, एक कुलूप, आणि किल्ली संभाळणारा बदली न होणारा माणूस, एवढें ज्या गांवीं जमेल त्या गांवच्या मुलांना पुण्याची खेळपट्टी परकी वाटणार नाहीं.