पिन न टाकता पैसे
जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला, एटीएमपेक्षा पोस्टमन जवळचा. तो किंवा बँकमित्र छोट्या मशीनवर आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा घेऊन आधार जोडलेल्या खात्यातून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रोख देऊ शकतो. पिन लागत नाही. अडचण येते ती भाताच्या आवणीत: पाण्या-चिखलाने बोटांची सालं निघतात, ठसा उमटत नाही. मग दुसरे बोट लावून बघावे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२५ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचीही सोय आणली आहे. अंध ग्राहकाने मशीनवरची रक्कम मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. पिनशिवाय पैसे देण्याची सोय दुकानातही आहे: टॅप करायच्या कार्डाला ५,००० रुपयांपर्यंत पिनची गरज नाही. सत्तरीपुढच्यांना आणि दिव्यांगांना घरपोच सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखेत ती हक्काने मागा.