पोटात कळ, डोक्यात कॅन्सर!

शुक्रवारची रात्र. टार्गेट पूर्ण झालं म्हणून टीमची पार्टी. बिअर, चिकन लॉलीपॉप, वर चीज पिझ्झा. पहाटे तीन वाजता आमचा एक मित्र बेडवर पोट धरून, पुढे वाकून बसलेला. वय 32. 'अ‍ॅसिडिटी असेल यार,' म्हणत त्याने अँटासिडच्या दोन गोळ्या चघळल्या, थंड दूध प्यायला. सगळं उलटून पडलं. कळ पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत जात होती. आडवं झालं की वाढायची, पुढे वाकलं की जरा सुसह्य. सकाळी त्याला कॅज्युअल्टीत नेलं. रक्तातलं लायपेज नॉर्मलच्या कितीतरी पट निघालं. निदान : अ‍ॅक्यूट पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज.

काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, पर्रीकरांना होतं तेच ना हे?"

काकूंची भीती उगीच नव्हती. फेब्रुवारी 2018 मध्ये मनोहर पर्रीकर मुंबईत हॉस्पिटलात दाखल झाले, तेव्हा बातम्यांत शब्द होता 'माइल्ड पँक्रियाटायटिस'. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि 17 मार्च 2019 रोजी ते गेले. हे दोन शब्द आपल्या डोक्यात एकमेकांना चिकटले ते असे.

स्वतःलाच पचवणारा अवयव

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, लांबी साधारण 15 सेंटीमीटर. इन्शुलिन तेच बनवतं आणि जेवण पचवणारे रसही. हे रस इतके जहाल की स्वादुपिंडात असेपर्यंत ते 'स्विच ऑफ' असतात. लहान आतड्यात पोहोचले की सुरू होतात. काही कारणाने ते आतच सुरू झाले, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला घेतं. म्हणून तर ती कळ तशी असते.

कारणांत दोन बडी नावं : पित्ताशयातले खडे आणि दारू. तिसरं आपल्या पिढीचं, ट्रायग्लिसराइड्स. हा आकडा 1000च्या वर गेला की धोका खरा. काही औषधांमुळेही असा अटॅक येतो. बहुतेकांचा अटॅक सौम्य असतो. सलाईन, वेदनाशामक आणि विश्रांतीवर आठवडाभरात माणूस घरी येतो. पण काहींमध्ये स्वादुपिंडाचा भाग मरतो, किडनी-फुप्फुसं साथ सोडतात आणि प्रकरण आयसीयूपर्यंत जातं. म्हणजे त्या घटकेला घाबरायचंच असेल तर कॅन्सरला नव्हे, अटॅकलाच घाबरा.

मग कॅन्सरचं काय?

खडा अडकून एकदाच आलेला अटॅक, खडे काढले, विषय संपला, तर त्याचा पुढे कॅन्सर होण्याची शक्यता फारच कमी. धोक्याचा रस्ता वेगळा आहे. वारंवार अटॅक, वर्षानुवर्षं दारू आणि सिगारेट, त्यातून कायमची जखम झालेलं स्वादुपिंड. याला क्रॉनिक पँक्रियाटायटिस म्हणतात. 1993 मध्ये सहा देशांतल्या दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्रॉनिक झालेल्यांपैकी 20 वर्षांत साधारण 4 टक्के लोकांना कॅन्सर झाला होता. म्हणजे त्यातही बहुतेकांना झाला नाही, पण दुर्लक्ष करावं असाही आकडा नाही. आणि हो, 'मी पीत नाही, फक्त ओढतो' वाल्यांनो, सिगारेट पँक्रियाटायटिस आणि कॅन्सर या दोन्हींचा धोका आपल्या जोरावर वाढवते.

एक उलटी वाटही आहे. कधी कधी गाठ आधी असते, ती नळी दाबते आणि पहिली खूण म्हणून अटॅक येतो. हे क्वचितच घडतं, आणि जास्त करून चाळिशी-पन्नाशीनंतर. म्हणून त्या वयात अटॅक आला आणि खडे, दारू, ट्रायग्लिसराइड्स यातलं काहीच सापडलं नाही, तर सूज उतरल्यावर पुन्हा स्कॅन करून घ्यायलाच हवा. सुजेच्या दिवसांत छोटी गाठ लपून राहू शकते. न दुखता झालेली कावीळ, कारण नसताना उतरलेलं वजन, अचानक उपटलेला डायबिटीस, हेही डॉक्टरांना सांगायचंच.

बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीए 19-9 नावाची टेस्ट घुसवलेली असते. ती अशा वेळी स्वतःच्या मनाने करू नका. नुसत्या सुजेने किंवा पित्ताची नळी तुंबल्यानेही ती वाढते आणि घरात उगाच सुतक पसरतं.

आता मित्राचं. सगळ्यांनी बिअरला शिव्या घातल्या, सोनोग्राफीत मात्र पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. सर्जन म्हणाले, सौम्य अटॅक आहे, याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकू. साहेब म्हणाले, "अप्रेझल होऊन जाऊ दे." नेदरलँड्समधल्या 2015च्या एका चाचणीत अशी घाई आणि दिरंगाई समोरासमोर तपासली होती. लगेच ऑपरेशन झालेल्यांत सहा महिन्यांत खड्यांचा त्रास उलटलेले 5 टक्के, थांबलेल्यांत 17. आमचा हीरो त्या 17 वाल्यांच्या पंगतीत बसला. पाचव्या आठवड्यात पुन्हा तीच कळ, या वेळी अकरा दिवस. अप्रेझलची मेल त्याने वॉर्डातच वाचली, सलाईनच्या हाताने.

मग दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टरांनी दारू बंद सांगितली, ती त्याने ऐकली. काकूंना खड्यांचं सगळं नीट समजावून झालंय, पण त्यांच्या लेखी गुन्हेगार अजूनही पिझ्झाच आहे.