शेवाळ आलं म्हणून खत बंद करू नका

प्लँटेड टँक, म्हणजे जिवंत झाडं लावलेली माशांची टाकी, ठेवणाऱ्यांकडून एक वाक्य कायम ऐकू येतं : 'शेवाळ हटत नाही, म्हणून खत बंद केलंय.' नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खाणं, ते तोडलं की शेवाळ उपाशी मरेल, असा हा हिशोब. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली झाडं हकनाक जातात.

या समजुतीमागचं विज्ञान मात्र खोटं नाही. १९७३ साली शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने कॅनडातल्या 'लेक २२६' या तळ्यात मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला. सांडपाणी शिरलं की आपल्याकडचे तलाव हिरवे पडतात, त्यामागेही मुख्यतः हेच कारण असतं. पण टँक म्हणजे तलाव नव्हे. टँकमध्ये रोज माशांचं खाद्य पडतं आणि त्यातही फॉस्फरस असतोच. शेवाळाला लागतो तो अगदी लेशभर. तेवढाही मिळू नये इतकं पाणी कोरडं करायला जाल, तर शेवाळाच्या कितीतरी आधी झाडं उपाशी पडतील. जुनी पानं पिवळी पडतात, त्यांना भोकं पडतात, ती कुजू लागतात आणि शेवाळ नेमकं त्यांच्यावरच बसतं. मग पुन्हा खतालाच शिव्या!

फॉस्फेट तुटपुंजं ठेवा, हा सल्ला छंदी मंडळींत १९९६च्या सुमारास पॉल सीअर्स आणि केविन कॉनलिन यांच्या लेखाने रुजवला. पुढे याच छंदातले टॉम बार यांनी झाडांनी भरलेल्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट घालून पाहिलं. शेवाळ आलं नाही. त्यांच्या पद्धतीत नायट्रेट ३० पीपीएमपर्यंत आणि फॉस्फेट ३ पीपीएमपर्यंत चालतं, फक्त दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं. काचेवरचे कडक हिरवे ठिपके तर फॉस्फेट वाढवल्यावर बरेचदा कमी होतात.

मग बिघडतं कुठे? बहुतेक वेळा प्रकाशात आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये. दिवा जितका प्रखर, तितकी झाडांची गॅसची भूक मोठी. आणि पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून पाणी खेळतं हवं. 'ब्लॅक बिअर्ड' हे काळ्या दाढीसारखं चिवट शेवाळ बहुधा गॅस कमी-जास्त होत राहिला की येतं. दिवा लागण्याच्या तासभर आधी गॅस सुरू करा. ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला गॅस रंगाने दाखवणारी कुपी, निळा असेल तर गॅस कमी आहे. हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम. पिवळा झाला तर माशांना धोका. दिवा सहा-सात तास पुरे. दाढी धरलेली पानं सरळ कापा. लाकूड-दगड बाहेर काढून त्यांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, काही मिनिटांनी धुवा. शेवाळ गुलाबी पडलं की मेलं समजा. पण गॅस सुधारला नाही, तर ते परत येणारच.

आता बाकीचे समज.

'लिक्विड कार्बन' म्हणजे गॅसला पर्याय? अशा बाटल्यांत बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं. हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करतात, तेच. शेवाळ मारतं, पण जास्त झालं तर व्हॅलिसनेरियासारखं झाड वितळतं आणि मासेही दगावतात.

निळसर-हिरवा, वास मारणारा चिकट थर हे शेवाळच नाही, ते सायनोबॅक्टेरिया आहेत. गोगलगायी-कोळंबी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तो नळीने ओढून काढा आणि टँक तीन-चार दिवस पूर्ण अंधारात ठेवा.

आणि शेवाळ खाईल म्हणून आणला जाणारा सकर मासा! दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढून फूटभराहून मोठा होतो आणि मोठेपणी शेवाळाकडे फारसं बघतही नाही. मावेनासा झाला की लोक तो तळ्यात सोडतात. भारतातल्या अनेक जलाशयांत तो असाच पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. घेऊच नका. घेतला असेल, तर दुकानदाराला परत द्या, पण नदीत सोडू नका.