खाली काय अंथरलंय?

१६ सप्टेंबर २०२५. टोकियोतल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी. निकालाच्या तक्त्यात न्यूझीलंडचा हॅमिश केर २.३६ मीटरवर पहिला, कोरियाचा वू सांग-ह्योक २.३४ वर दुसरा, चेक प्रजासत्ताकाचा यान श्टेफेला २.३१ वर तिसरा. सहाव्या ओळीत सर्वेश अनिल कुशारे, भारत, २.२८. हा आकडा तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नात आलेला, आणि त्यापुढे २.३१ च्या रकान्यात तीन फुल्या. या स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘पदक हुकलं’ म्हणून बातमी उरकली.

मी मात्र २.२८ पाशीच अडकलो. उंच उडीच्या आकड्यांचा नाद असलेल्या माणसाला हा आकडा पाठ असतो. २१ जुलै १९६३ रोजी मॉस्कोत व्हॅलेरी ब्रुमेलने २.२८ मीटरवरून उडी मारली आणि तो जागतिक विक्रम ठरला.   

ब्रुमेल पालथा होऊन, दांडीला पोट फिरवत पलीकडे जायचा. या पद्धतीला स्ट्रॅडल म्हणतात. सर्वेश पाठीवरून जातो, आज सगळेच जातात. हा बदल कसा झाला, हे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: डिक फॉसबरी, मेक्सिको, १९६८, सुवर्णपदक, २.२४ मीटर. मला हे उत्तर अपुरं वाटतं. उंच उडीचा इतिहास लिहिणारे सगळे दांडीकडे बघतात, खड्ड्याकडे कुणी बघत नाही. माणूस वर कसा जाणार, हे तो खाली कशावर पडणार यावर ठरतं.

हे अगदी आरंभापासूनचं आहे. १९१२ साली दोन मीटर ओलांडणाऱ्या जॉर्ज होराइनबद्दल सांगतात की, त्याच्या घरामागच्या अंगणात जागा अशी अडचणीची होती की त्याला नेहमीच्या उलट बाजूने धावत यावं लागलं, आणि त्यातूनच वेस्टर्न रोल ही पद्धत निघाली. म्हणजे अंगणाच्या कुंपणाने पद्धत ठरवली!

खरी मौज १९६३ सालात आहे. ब्रुमेलच्या विक्रमाच्या दोन महिने आधी, मे महिन्यात, अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिझूला इथे शालेय स्पर्धा होती. तिथे ब्रूस क्वांडे नावाचा, कॅलिस्पेल गावच्या शाळेतला एक मुलगा उडी मारताना छायाचित्रकाराने टिपला. फोटोत तो चक्क पाठीवरून दांडी ओलांडताना दिसतो. फॉसबरीचं नाव त्याच्या गावाबाहेर कुणाला माहीत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. तिकडे ऑरेगॉनमध्ये त्याच वर्षी सोळा वर्षांचा फॉसबरी कैची उडी मारता मारता हळूहळू मागे झुकत चालला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुढे कॅनडाच्या एका शेतावर डेबी ब्रिल ही शाळकरी मुलगी स्वतःच्याच डोक्याने तशीच उलटी उडी मारू लागली. तिच्या पद्धतीला तिकडे ‘ब्रिल बेंड’ म्हणतात.

‘पहिला कोण?’ हा वाद अमेरिकेत अजून अधूनमधून रंगतो. मला तो फोल वाटतो. तिघांनाही एकाच सुमाराला हे सुचावं याचं कारण माझ्या मते जमिनीवर आहे. त्या वर्षांत तिकडच्या शाळांत वाळू आणि लाकडाच्या भुशाच्या खड्ड्यांच्या जागी फोमचे तुकडे जाळ्यात भरलेल्या गाद्या येऊ लागल्या होत्या. डेबीच्या वडिलांनी शेतावरच फोमचे तुकडे जाळ्यात कोंबून तिला गादी करून दिली होती. फॉसबरीच्या शाळेलाही अशी गादी बऱ्यापैकी लवकर मिळाली. मान आणि पाठ खाली टेकवून पडायची भीती गेली, की पाठीवरून जायचं धाडस कुणालाही सुचू शकतं. क्वांडेचं नाव राहिलं ते एका फोटोपुरतं. फॉसबरीने ऑलिम्पिक जिंकलं म्हणून पद्धतीला त्याचं नाव चिकटलं.

आता आपल्याकडे येऊ. जळगाव-धुळ्याकडच्या शाळांतली उंच उडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको: दोन बांबू, त्यांना ठोकलेले खिळे, मध्ये दोरी, आणि खाली गिरणेची नाहीतर पांझरेची वाळू. स्पर्धा पावसाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर, त्यामुळे वाळू बसून सिमेंटसारखी घट्ट. दोरी मध्ये झोळ खायची, मग ‘लागली’, ‘नाही लागली रे भो’ असं भांडण. सगळी पोरं कैची उडी मारायची, कारण वाळूत पायांवरच उतरावं लागतं. पोरांना तंत्र येत नाही, अशी तक्रार करणारे क्रीडाशिक्षक पुष्कळ असत. त्या वाळूवर पाठीवर पडून बघा म्हणावं!

नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत रावसाहेब जाधव या क्रीडाशिक्षकाने अशी तक्रार करत बसण्याऐवजी मक्याचा भुसा गोळा केला. तो पोत्यांत भरला, पोती एकमेकांना लावून रचली, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या सर्वेशला त्यावर पाठ टेकायला लावली. सर्वेश ऑलिम्पिकला निघाला तेव्हा ही गोष्ट छापून आली, ती ‘गरिबीतून जिद्दीने’ या नेहमीच्या चालीवर. त्या चालीत जाधव सरांची हुशारी हरवते. डेबीच्या वडिलांनी जाळ्यात फोम कोंबला, सरांनी पोत्यात भुसा भरला. करामत तीच आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची गादी नियमाने किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच असावी लागते. शाळेकडे तेवढे पैसे नव्हते. मका मात्र गावात होता, आणि त्याचा भुसा नांदगाव-चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत दर हंगामात ढिगाने पडतो.

हरियाणात पूजा नावाच्या मुलीचीही हीच कथा. तिचे प्रशिक्षक बलवान सिंग यांनी भाताच्या पेंढ्या-भुशाची पोती रचून तिला उडी शिकवली, आणि २०२५ मध्ये कोरियातल्या गुमीला तिने १.८९ मीटरवर आशियाई विजेतेपद मिळवलं. आमच्या खानदेशात तर कापूस पिकतो, गादी भरायचा मालच दारात. तरी माझ्या पाहण्यातल्या कुठल्याच शाळेत वाळूवर काही अंथरलेलं मला दिसलं नाही, याचा मला राग आहे.

सर्वेश पुढे लष्करात गेला. काठमांडूच्या २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २.२१ मीटरवर सुवर्ण, गांधीनगरच्या २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत २.२७, बँकॉकच्या २०२३ च्या आशियाई स्पर्धेत २.२६ मीटरवर रौप्य. तिथे सुवर्ण जिंकणारा म्हणजे टोकियोतला तोच वू. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मात्र २.१५ वरच गाडी अडली आणि पात्रता फेरीतून परतावं लागलं. २.१५ म्हणजे १९५६ साली चार्ल्स डुमासने पहिल्यांदा सात फुटांचा पल्ला ओलांडला ती उंची. पॅरिसनंतर तेरा-चौदा महिन्यांत, वयाच्या तिशीत, सर्वेश तिथून तेरा सेंटिमीटर वर गेला. डुमासच्या आकड्यापासून ब्रुमेलच्या आकड्यापर्यंत जायला जगाला सात वर्षं लागली होती.

टोकियोत राष्ट्रीय विक्रमाला सर्वेश एक सेंटिमीटर कमी पडला. २.२९ मीटरचा तो विक्रम दिल्लीच्या तेजस्विन शंकरने २०१८ साली अमेरिकेत, टेक्ससमधल्या लबक इथे केला. तेजस्विनचं प्रकरण खरं तर वेगळ्या लेखाचं आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने त्याला आधी संघात घेतलं नाही, कारण चेन्नईची आंतरराज्य स्पर्धा सोडून तो अमेरिकेतल्या विद्यापीठ स्पर्धेत खेळला. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, उशिरा प्रवेश मिळाला, बर्मिंगहॅमला ऐनवेळी पोचला आणि २.२२ वर कांस्य घेऊन आला. राष्ट्रकुल स्पर्धेत उंच उडीतलं ते भारताचं पहिलं पदक. निवड समितीवाल्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, याची कल्पना करायला मला अजून आवडतं. त्यानंतर त्याचं मन डेकॅथलॉनकडे वळलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्यात त्याने ७६६६ गुणांचा राष्ट्रीय विक्रम करून रौप्य मिळवलं.